नव्या भूमीतील पहिली कापणी : प्लिमथची मंडळी आणि तिचे यजमान

कापणीच्या सणाचा रविवार जवळ आला, की त्या दिवशीच्या उपदेशासाठी दाखले शोधणे हे पाळकाचे नेहमीचेच काम होऊन बसते. अशा वेळी सहज हाताशी येणारा एक दाखला प्लिमथच्या यात्रेकरूंचा आहे. छळामुळे देशोधडीला लागलेली एक लहानशी मंडळी समुद्र ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरते, पहिल्याच हिवाळ्यात निम्मी माणसे गमावते, आणि तरीही पुढच्या शरद ऋतूत पीक हाती येताच तेथील मूळ रहिवाशांसह आनंदाने जेवावयास बसते, अशी ती कथा आहे. कथा खोटी नाही. मात्र सांगणारे जेथे थांबतात तेथे ती संपत नाही. त्या पंगतीत दोन समाज बसले होते, आणि दोघांनाही लेकरे होती. त्या लेकरांचे पुढे काय झाले हे पाहिल्यावाचून त्या सणाचे मोल ठरविता येणार नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून या लेखात ती कथा आरंभापासून शेवटापर्यंत मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

मुलांसाठी पत्करलेले देशांतर

इंग्लंडमधील स्क्रूबी या गावाच्या परिसरातील काही कुटुंबांनी राजमान्य चर्चपासून फारकत घेऊन आपली स्वतंत्र मंडळी स्थापिली होती. छळाला कंटाळून ती १६०८ च्या सुमारास हॉलंडला गेली आणि १६०९ पासून लायडन शहरात स्थिरावली. जॉन रॉबिन्सन हे त्यांचे पाळक होते. लायडनमध्ये उपासनेस मोकळीक होती. मग दहा-अकरा वर्षांनी या लोकांनी पुन्हा बिऱ्हाड का हलविले? पुढे वसाहतीचे गव्हर्नर झालेले व तिचा इतिहास लिहून ठेवणारे विल्यम ब्रॅडफर्ड यांनी याची जी कारणे दिली आहेत, त्यांत मुलांची काळजी हे एक मोठे कारण आहे. आईबापांच्या कष्टांचा भार उचलताना लेकरांची शरीरे अकालीच वाकत होती. काही तरुण सैन्यात व जहाजांवर निघून जात होते. शहरातील वाईट उदाहरणे त्यांना ओढून नेत होती. म्हणजे पहिले देशांतर उपासनेसाठी झाले असले, तरी दुसऱ्यामागे पुढच्या पिढीची चिंता होती.

जुन्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे ६ सप्टेंबर १६२० रोजी 'मेफ्लॉवर' जहाज १०२ उतारू घेऊन निघाले. ते सर्व लायडनच्या मंडळीतले नव्हते. निम्म्याच्या आसपास लोक लंडन व इतर ठिकाणांहून जमविलेले होते. त्यांत सुमारे तीस मुलेमुली होती. हॉपकिन्स दांपत्यास भर समुद्रात मुलगा झाला, त्याचे नाव ओशनस ठेवण्यात आले. केप कॉडच्या आखातात जहाज नांगरलेले असता व्हाइट दांपत्यास मुलगा झाला, त्याचे नाव पेरेग्रीन, म्हणजे यात्रेकरू, असे ठेवले. खुद्द ब्रॅडफर्ड यांनी आपला लहान मुलगा हॉलंडमध्येच मागे ठेवला होता. आणि त्यांची पत्नी डॉरथी किनारा दिसल्यावर, डिसेंबर महिन्यात, पाण्यात पडून बुडाली.

तो हिवाळा रोगाचा व उपासमारीचा गेला. निम्मी माणसे मरण पावली. प्रौढ स्त्रियांपैकी शरद ऋतूपर्यंत चौघीच उरल्या. पेरेग्रीनचे वडील फेब्रुवारीत वारले. एडवर्ड विन्स्लो यांची पत्नी मार्चमध्ये वारली. मे महिन्यात विन्स्लो व पेरेग्रीनची विधवा आई सुसॅना यांचा विवाह झाला. वसाहतीतील हा पहिलाच विवाह होय. या घराकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे, म्हणून वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

बी कोणाचे आणि शेत कोणाचे

नोव्हेंबर १६२० मध्ये केप कॉडवर उतरलेल्या पहिल्या तुकडीला वाळूत पुरून ठेवलेल्या टोपल्या सापडल्या. त्यांत मका होता. तो तेथील नॉसेट लोकांनी पुढच्या पेरणीसाठी व खाण्यासाठी राखलेला होता. मालक भेटताच भरपाई करू, असे ठरवून वसाहतवाल्यांनी तो उचलला. हे बी मिळाले नसते तर आपण उपाशी मेलो असतो, असे ब्रॅडफर्ड लिहितात, आणि त्यात ते देवाची विशेष तरतूद पाहतात. तरतूद तर झालीच होती. पण ती ज्यांच्या घामातून झाली त्यांची नोंदही आपण घेतली पाहिजे.

जागेचीही गोष्ट अशीच होती. प्लिमथ जेथे वसले तेथे पूर्वी पटक्सेट नावाचे वॉम्पनोआग लोकांचे गाव होते. १६१६ ते १६१९ या काळात युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या एका साथीने ते गाव ओस पडले. रान तोडून तयार केलेली शेते तेवढी राहिली. राजा पहिला जेम्स याने नोव्हेंबर १६२० मध्ये न्यू इंग्लंडसाठी जी सनद दिली, तीत या साथीचा उल्लेख देवाच्या करणीचा म्हणून, भूमी मोकळी झाल्याच्या समाधानाने केलेला आहे. दुसऱ्याच्या घरातील मरणाला आपल्यावरील कृपा समजणे किती सोपे असते, हे येथे दिसते. धर्मोपदेशकाने या ठिकाणी विशेष सावध राहावे.

त्या गावातला टिस्क्वांटम नावाचा एक मनुष्य मात्र वाचला होता, कारण साथीच्या वेळी तो तेथे नव्हता. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमधील मालागा येथे विकावयास नेले होते. तेथून तो इंग्लंडला पोहोचला, इंग्रजी शिकला आणि १६१९ मध्ये मायदेशी परतला, तो गावात कोणी जिवंत उरले नव्हते. याच मनुष्याने १६२१ च्या वसंतात नवागतांना मक्याची लागवड शिकविली. ओढ्यांत चढून येणारे मासे खत म्हणून जमिनीत पुरावे, ही त्या प्रदेशाची रीत त्याने दाखवून दिली. वीस एकर मका आणि सहा एकर जव व वाटाणा असा तो पहिला पेरा होता. इंग्लंडहून आणलेला वाटाणा फुलोऱ्यातच करपला, जव बेताचा आला. मका मात्र चांगला पिकला. परक्या देशात कुटुंब जगले ते त्या देशाच्या धान्यावर आणि त्या देशाच्या माणसाने शिकविलेल्या रीतीवर.

त्याच उन्हाळ्यात बिलिंग्टन कुटुंबातला एक मुलगा रानात वाट चुकला. पाच दिवस त्याने फळांवर काढले. शेवटी तो नॉसेट लोकांच्या हाती लागला; म्हणजे ज्यांचा मका उचलला गेला होता त्यांच्याच. त्यांचा प्रमुख ॲस्पिनेट हा मोठा जमाव घेऊन किनाऱ्यावर आला आणि त्याने तो मुलगा परत केला. मुलाच्या अंगावर त्यांनी मण्यांच्या माळा घातल्या होत्या. त्या भेटीनंतर मक्याची भरपाईही झाली. हा प्रसंग वाचकांनी मनात ठेवावा, कारण पुढील इतिहासाशी त्याची तुलना करणे भाग पडणार आहे.

तीन दिवसांची पंगत

त्या वर्षीच्या सुगीचा वृत्तांत विन्स्लो यांनी ११ डिसेंबर १६२१ रोजी लिहिलेल्या पत्रात आला आहे. पत्र पुढच्या वर्षी लंडनमध्ये छापले गेले. मजकूर थोडकाच आहे. पीक घरात आल्यावर गव्हर्नरांनी चार माणसे पक्ष्यांच्या शिकारीस धाडली. त्यांनी एका दिवसात जवळजवळ आठवडाभर पुरतील इतके पक्षी मारून आणले. वॉम्पनोआगांचे महाप्रमुख मॅसासोइट सुमारे नव्वद माणसांसह आले, त्यांच्यातील काहींनी जाऊन पाच हरणे मारून आणली, आणि तीन दिवस सर्वांनी मिळून मेजवानी केली. वसाहतीत तेव्हा सुमारे पन्नास माणसे उरली होती, त्यांत जवळजवळ निम्मी मुले व किशोरवयीन. म्हणजे पाहुणे घरच्यांहून अधिक, आणि रांधावयास चार स्त्रिया व हाताशी आलेल्या मुली! त्यांच्या श्रमांबद्दल पत्रात शब्द नाही.

या प्रसंगास विन्स्लो 'उपकारस्तुती' म्हणत नाहीत. त्या मंडळीच्या दृष्टीने उपकारस्तुतीचा दिवस म्हणजे काम थांबवून प्रार्थना, स्तोत्रे व उपदेश यांत घालविण्याचा दिवस. तसा दिवस त्यांनी १६२३ मध्ये पाळला. त्या वर्षी शेती सामाईक न ठेवता प्रत्येक कुटुंबास जमिनीचा तुकडा नेमून दिला होता, आणि ब्रॅडफर्ड सांगतात त्याप्रमाणे स्त्रिया आपल्या लहान लेकरांना घेऊन मका लावण्यास शेतात जात. मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस पडला नाही. पिके सुकू लागली, तेव्हा मंडळीने उपवास व प्रार्थनेचा दिवस नेमला. पुढे हळुवार पाऊस आला, पीक वाचले, आणि मग उपकारस्तुतीचा दिवस पाळण्यात आला. १६२१ च्या तीन दिवसांना 'पहिली उपकारस्तुती' हे नाव १८४१ मध्ये बॉस्टनचे एक पाळक अलेक्झांडर यंग यांनी ते पत्र पुन्हा छापताना दिले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी १८६३ मध्ये नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार राष्ट्रीय उपकारस्तुतीसाठी नेमला, आणि १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार कायम झाला.

दोन्ही पक्ष त्या पंगतीस गरजेपोटी बसले होते हेही खरे. साथीने दुबळ्या झालेल्या वॉम्पनोआगांना शेजारच्या नॅरागॅन्सेट लोकांची भीती होती, म्हणून मार्च १६२१ मध्ये मॅसासोइट यांनी इंग्रजांशी परस्पर संरक्षणाचा करार केला होता. पण गरजेतून स्नेहही उपजतो. मार्च १६२३ मध्ये मॅसासोइट मरणोन्मुख असल्याचे कळताच विन्स्लो त्यांच्या गावी गेले, आपल्या हातांनी त्यांना भरविले, आणि ते बरे झाले. मॅसासोइट जिवंत असेतो, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, तो करार टिकला.

पुढची पिढी

१६३० पासून इंग्रज कुटुंबे हजारोंनी येऊ लागली. त्यांना जमीन हवी होती. त्यांची गुरे व डुकरे मूळ रहिवाशांच्या मक्याच्या शेतांत शिरून नासधूस करीत. १६६० च्या सुमारास मॅसासोइट वारले. त्यांचा थोरला मुलगा वॉमसुट्टा यास १६६२ मध्ये सशस्त्र माणसे पाठवून प्लिमथच्या अधिकाऱ्यांपुढे आणण्यात आले. त्याच वेळी तो आजारी पडून मेला. त्याला आणावयास गेलेल्यांचे नायक जोसाया विन्स्लो होते. हे एडवर्ड व सुसॅना यांचे पुत्र, पेरेग्रीनचे सावत्र भाऊ. ज्यांनी मॅसासोइट यांना भरविले त्यांच्या मुलाने मॅसासोइट यांच्या मुलाला धरून आणले. धाकटा मुलगा मेटाकॉम, ज्यास इंग्रज फिलिप म्हणत, तो प्रमुख झाला. आणि जोसाया विन्स्लो १६७३ मध्ये प्लिमथचे गव्हर्नर झाले.

जून १६७५ मध्ये युद्ध पेटले. दोन्हीकडे गावे जळाली आणि स्त्रिया व मुले मारली गेली. जॉन एलियट यांच्या सेवेने ख्रिस्ती झालेले मूळ रहिवासी, ज्यांच्या भाषेत १६६३ मध्ये संपूर्ण पवित्र शास्त्र छापले गेले होते, त्यांनाही संशयावरून बॉस्टनजवळच्या डिअर बेटावर नेऊन ठेवण्यात आले. तेथे थंडी व उपासमारीने पुष्कळ जण मेले. ऑगस्ट १६७६ मध्ये फिलिप मारला गेला. १७ ऑगस्ट रोजी प्लिमथमध्ये उपकारस्तुतीचा दिवस पाळला जात असता त्याचे शिर गावात आणण्यात आले, आणि खांबावर लावलेले ते शिर पुढे कित्येक वर्षे तेथे होते. पंचावन्न वर्षांपूर्वी त्याच गावात त्याचे वडील तीन दिवस जेवले होते.

एका मुलाविषयी पाळकांची मते

फिलिपची पत्नी व सुमारे नऊ वर्षांचा मुलगा इंग्रजांच्या कैदेत होते. मुलाचे काय करावे? वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी पाळकांचे मत मागविले. प्लिमथचे जॉन कॉटन व मार्शफील्डचे सॅम्युएल अर्नोल्ड यांनी सप्टेंबर १६७६ मध्ये संयुक्त उत्तर दिले. लेकरांना बापाच्या पापासाठी मारू नये, ही अनुवादाच्या २४ व्या अध्यायातील आज्ञा त्यांनी मान्य केली. पण शौल, आखान व हामान यांच्या मुलांचे दाखले देऊन, राज्याच्या हितासाठी बंडखोराच्या मुलास मृत्युदंड देता येतो, असे त्यांनी लिहिले. बॉस्टनचे विद्वान पाळक इन्क्रीज मॅथर यांनी १ राजे ११ मधील हदादाची आठवण करून दिली: तो लहानपणी निसटला व मोठेपणी इस्राएलाचा वैरी झाला.

ब्रिजवॉटरचे पाळक जेम्स कीथ यांनी मात्र दुसरे मत दिले. १३७ व्या स्तोत्राच्या अखेरच्या ओळींमुळे प्रश्न अवघड होतो, हे त्यांनी लपविले नाही. तरी अनुवाद २४:१६ आणि २ इतिहास २५:४ ही वचने एकत्र वाचून, आपल्या बापाला मारणाऱ्यांच्या मुलांना अमस्या राजाने मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे जीवदान दिले, याकडे त्यांनी लक्ष वेधले. मुलगा मारला गेला नाही. १६७७ च्या मार्चमध्ये त्याला गुलाम म्हणून विकण्यात आले. कागदपत्रांत तो केवळ 'फिलिपचा मुलगा' म्हणून येतो. पेरेग्रीन व्हाइट १७०४ पर्यंत, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत, त्याच भूमीत जगले.

बिलिंग्टनच्या मुलास यजमानांनी माळा घालून परत केले होते. यजमानांच्या नातवाची अशी पाठवणी झाली. ती ज्यांच्या सल्ल्याने झाली ते रोज शास्त्र वाचणारे, प्रामाणिक व कष्टाळू धर्मसेवक होते. म्हणूनच हा इतिहास आम्हां धर्मसेवकांना अधिक लागतो.

टोपलीपुढचे शब्द

अनुवादाच्या २६ व्या अध्यायातील पहिल्या उपजाचा विधी हा मुळात नव्या भूमीत आलेल्या कुटुंबाचाच विधी आहे. शेतकरी टोपली घेऊन याजकाकडे येतो, आणि आपला पूर्वज ठावठिकाणा नसलेला भटका अरामी होता, मिसरात आपण परके होतो, आपल्यावर जुलूम झाला, देवाने सोडवून आणले, असे कबूल करतो. विधी येथे संपत नाही. अकराव्या वचनात आनंदाची आज्ञा आहे, आणि त्या आनंदात लेवी व आपल्यामध्ये राहणारा उपरी यांचा वाटा सांगितलेला आहे. लेवीयाच्या २३ व्या अध्यायातही सणांच्या यादीच्या मधोमध, शेताचे कानेकोपरे गरिबासाठी व उपऱ्यासाठी सोडावे, ही आज्ञा येते.

प्लिमथच्या लोकांनी या विधीचा पहिला भाग मनापासून म्हटला. आपण इस्राएल, हा समुद्र म्हणजे आपला तांबडा समुद्र, ही आपली दिलेली भूमी, हे त्यांना पाठ होते. दुसरा भाग १६२१ मध्ये त्यांना जगावा लागला, कारण तेव्हा उपरी ते स्वतः होते आणि वाढणारा दुसरा होता. पुढे घरे भक्कम झाली, कोठारे भरली, आणि ज्यांनी बी दिले तेच उपरी ठरले. उपकारस्तुती बंद पडली नाही. १६७६ मध्येही ती विधिपूर्वक झाली. पण तीतून अकरावे वचन गळाले होते. आमच्या मते या इतिहासाचा मुख्य बोध हाच आहे: यजमानाचे स्मरण सुटले, की कृतज्ञतेची उपासना तशीच चालू राहूनही तिचा अर्थ उलटा होऊ शकतो.

वॉम्पनोआग लोक आजही आहेत. ॲक्विनाचे वॉम्पनोआग दर ऑक्टोबरात आपल्या रानातील क्रॅनबेरीच्या वेचणीचा दिवस पाळतात. १९७० पासून काही मूळ रहिवासी उपकारस्तुतीच्या गुरुवारी प्लिमथ येथे शोकदिन पाळत आले आहेत. एकाच दिवशी एकाच गावात स्तुती आणि शोक चालतो, ही गोष्ट धर्मज्ञांनी विचारात घेण्याजोगी आहे.

आपल्या मंडळ्यांसाठी

या इतिहासाशी मराठी ख्रिस्ती समाजाचा धागा दूरचा नाही. १८१३ मध्ये मुंबईस आलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेतूनच आले होते. त्यांनी आरंभिलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या पुढे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सातारा, सोलापूर या भागांत वाढल्या. त्या परंपरेचे देणे आपण आदराने घेतले आहे. तिचा इतिहासही आपण पूर्ण घ्यावा.

शिवाय हे पत्रक वाचणारे आपण पुष्कळ जण स्वतःच पूर्वी केव्हातरी परमुलखात आलेल्या कुटुंबांतले आहो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या तेथील पाण्यावर व धान्यावर वाढली. आता आपली तरुण जोडपी लहान लेकरांसह याहून दूरच्या देशांत जात आहेत, आणि तेथल्या शरद ऋतूतील सणांत आपल्या टोपल्या नेत आहेत. त्यांना निरोप देताना पाळकाने हा इतिहास सांगावा. ज्या शेजाऱ्याने पहिल्या वर्षी हात दिला त्याचे नाव मुलांना ठाऊक असावे. आणि येथे आपल्या गावी ऊसतोडीला, वीटभट्टीवर वा बांधकामावर जी परमुलखातील कुटुंबे आली आहेत, त्यांची लेकरे आपल्या कापणीच्या सणाला कोठे बसतात, हेही पाहावे.

धर्मशिक्षकांना आमची एक सूचना आहे. या वर्षीच्या सणात अनुवाद २६ चे वाचन दहाव्या वचनाशी थांबवू नये. अकरावे वाचावे, आणि बारा व तेराही. त्या वचनांत उपरी, अनाथ व विधवा यांना त्यांचा वाटा पोहोचता केल्याची कबुली शेतकऱ्याने देवापुढे द्यावयाची आहे. ती कबुली देण्याजोगे काही आपल्या मंडळीने वर्षभरात केले आहे की नाही, याचा विचार सणाच्या आधीच्या आठवड्यात पंचांसह बसून करावा.